जास्तीचे दोन किलो

मित्रांनो, माझ्यासमोर रोज कितीतरी माणसे येऊन उभी राहत, पण माझी चौकशी कुणी केली नाही. म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी एक जुना वजनकाटा आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा विमानतळावर, मालाच्या शेडमध्ये, मी एकतीस वर्षे काढली. माझे रूप साधेच आहे. खाली ओझे ठेवायला लोखंडी पाट, त्याच्या मागे कमरेएवढा खांब, आणि खांबावर काचेआड एक गोल तबकडी. तबकडीवर आकडे आहेत आणि एक लांब लाल सुई आहे. पाटावर काही ठेवले की सुई फिरते, थरथरते आणि थांबते. जिथे थांबेल तेवढे वजन. मला खोटे दाखवता येत नाही, यात माझा मोठेपणा काहीच नाही, माझी घडणच तशी आहे. मला बोलता येत नाही, हे मात्र माझे मोठेच दुःख आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझा कारागीर म्हातारा होता आणि स्वभावाने फार काटेकोर. माझी सुई पाव किलो पुढे जात होती, तेवढ्यासाठी त्याने मला तीन दिवस उघडले आणि मिटले. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन यायची आणि तो गार होताना बघत बसायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, पाव किलोनं कुणाचं काय बिघडणार आहे? जेवून घ्या आधी."

"जेवतो. पण आज पाव सोडला की उद्या अर्धा सुटतो," तो म्हणाला आणि पुन्हा माझ्या पोटात हात घालून बसला. चौथ्या दिवशी मी बिनचूक झालो. तेव्हा तो जेवला.

तिथून मला या शेडमध्ये आणले. पत्र्याचे छप्पर, ढकलून उघडायचे रुंद दार, मध्ये लाकडी कठडा आणि दाराबाहेर थेट धावपट्टी. धावपट्टी आखूड होती. एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला तारेचे कुंपण. त्यामुळे इथे मोठे विमान उतरत नसे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, दोन पंख्यांचे एक छोटे मालविमान यायचे. येताना औषधे, यंत्रांचे सुटे भाग, टपालाच्या थैल्या आणायचे आणि जाताना आमच्या खोऱ्यातला माल घेऊन जायचे. त्यात नऊशे किलो माल मावायचा. नऊशेच्या वर एक किलोही नाही, कारण जास्त ओझ्याचे विमान कुंपणाच्या आत उचलले गेले नसते. म्हणून प्रत्येक डाग माझ्यावरून जायचा. डाग म्हणजे मालाचा एक नग, मग ती पेटी असो, पोते असो की गाठोडे.

वजने वहीत लिहिणाऱ्या माणसाला सगळे काटेदादा म्हणत. सडपातळ, नाकावर चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेने, एक लिहायचे आणि एक पहिले आटले तर लिहायचे. रोज सकाळी आल्यावर ते वीस किलोचे एक ठोकळी माप माझ्यावर ठेवून बघत. सुई विसावर थांबली की माझ्या खांबावर थाप मारून म्हणत, "शाब्बास, आजही तू शहाणा!" मग शर्टाच्या टोकाने माझी काच पुसत. सकाळच्या उन्हाची तिरीप दारातून थेट तबकडीवर यायची आणि आकडे दिसायचे नाहीत, म्हणून त्यांनी मला एकदा फिरवून बसवले. तेव्हापासून माझी तबकडी फक्त त्यांच्या टेबलाकडे असे. कठड्याबाहेरच्या माणसांना माझी पाठ दिसायची. यात कुणाला काही गैर वाटले नाही. काटेदादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मग तबकडी बघायची गरजच काय?

माझी तेव्हा फार वाहवा होती. "या शेडचा काटा आणि काटेदादा, दोघंही धुतल्या तांदळासारखे," असे लोक म्हणत. मला ते ऐकून बरे वाटायचे. ओझी उचलणारा हमाल इतका हडकुळा होता की त्याचे नाव पैलवान पडले होते. तो माझ्यावर डाग हलक्या हाताने चढवायचा. "सावकाश रे बाबा, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतील," असे स्वतःशीच बोलायचा. म्हातारा म्हणजे मी.

मग एक दिवस ते घडले. विमान भरून निघाले, धावपट्टीवर धावले, पण वेळेवर उचललेच जाईना. अगदी टोकाला जाऊन ते कसेबसे वर गेले आणि त्याची चाके कुंपणाच्या तारेला घासली. एक वळसा घेऊन ते परत उतरले. वैमानिकाला आम्ही कप्तान म्हणत असू. कप्तान शेडमध्ये आले, माठाजवळ गेले, दोन पेले पाणी प्यायले आणि तिथेच खाली बसले. 

मिस्त्री आला. त्याने इंजिन उघडले आणि इंधनाच्या नळीत अडकलेला कचरा काढून सगळ्यांना दाखवला. दोष इंजिनाचा होता. वजन बरोबर होते, ते मी स्वतः केले होते. पण काटेदादांना ते पटले नाही. ते दुपारभर वही चाळत बसले. "माझ्याकडून कमी तर लिहिलं गेलं नसेल ना रे?" असे त्यांनी पैलवानाला तीनदा विचारले. पैलवान म्हणाला, "नाही हो दादा, कचरा होता, तुम्ही डोळ्यांनी बघितलात." इंजिनातला कचरा निघाला, पण त्यांच्या मनात भीतीने घर केले.

पुढच्या खेपेपासून ते प्रत्येक डागाला दोन किलो वाढवून लिहू लागले. मी बावीस दाखवले की वहीत चोवीस. मी नऊ दाखवले की अकरा. कमी पडण्यापेक्षा जास्त बरे, असा त्यांचा हिशेब. कुणाला त्यांनी हे सांगितले नाही. भाडे डागावर ठरलेले होते, वजनावर नव्हते, त्यामुळे कुणाच्या खिशाला ते लागलेही नाही. पहिले काही महिने लिहिण्याआधी ते क्षणभर थांबत. नंतर थांबेनासे झाले. वर्षभरात हाताला इतकी सवय लागली की आपण वाढवून लिहितो आहोत हे त्यांनाही आठवत नसावे. डोळे माझ्याकडे बघत आणि हात आपले लिहीत राही.

मित्रांनो, दोन किलो म्हणजे काय हो? एका हातात उचलता येतील. पण खेपेला साठ डाग जायचे. साठ डागांचे दोन-दोन म्हणजे एकशे वीस. वहीत नऊशे भरले की दार बंद व्हायचे आणि विमान एकशे वीस किलोची मोकळी जागा घेऊन उडायचे. हे फक्त मला ठाऊक होते. कप्तानांना थोडा संशय यायचा, पण तो भलत्याच दिशेने. "काय हवा आहे तुमच्याकडची! दुसरीकडे हेच विमान रेड्यासारखं उठतं, इथून पाखरासारखं उडतं," असे ते म्हणायचे. सगळे खूश व्हायचे. मी तबकडीतल्या तबकडीत तडफडायचो.

आता जिच्यासाठी ही गोष्ट सांगायची, त्या ताईकडे येतो.

काटेदादांची धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, खोऱ्यात अळंबीची शेती करायची. अंधाऱ्या, ओलसर खोलीत पेंढ्याच्या पिशव्या टांगलेल्या, त्यांतून पांढरीशुभ्र अळंबी फुटायची. तिच्या हाताखाली दोन बायका होत्या. पहाटे खुडायची, पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरायची आणि दहाच्या आत शेडमध्ये आणायची. प्रत्येक पेटी चार किलोची, आणि खेपेला वीस पेट्या. अळंबी हा फार नाजूक माल. दुसऱ्या दिवशी तिची कड काळवंडते आणि तिसऱ्या दिवशी ती कुणी फुकट घेत नाही. शहरातल्या तिच्या गिऱ्हाईकाने बजावून सांगितले होते की खेपेला पुऱ्या वीस पेट्या मिळाल्या तरच व्यवहार टिकेल, आज बारा आणि उद्या पाच असे चालणार नाही. तिचा सगळा संसार त्या वीस पेट्यांवर उभा होता.

आणि काटेदादांचा एक नियम होता. आपल्या माणसाचा माल सर्वांत शेवटी. बहिणीच्या पेट्या आधी घेतल्या तर लोक नावे ठेवतील, अशी त्यांना धास्ती. ताई कितीही लवकर आली तरी तिच्या पेट्या भिंतीशी ठेवल्या जायच्या. आधी सगळ्यांचे डाग, मग उरल्या जागेत ताईच्या पेट्या. चार किलोची पेटी वहीत सहाची व्हायची. बारा पेट्या गेल्या की नऊशे भरायचे. आठ पेट्या उरायच्या. कधी दहा, कधी बाराही.

कप्तान विमानाच्या मालखान्यातून डोकावून ओरडायचे, "अहो काटेदादा, मागं एवढी जागा आहे! आठ पेट्या हसत बसतील!"

"जागेत बसतं हो कप्तान, वजनात बसत नाही," काटेदादा म्हणायचे. "नियम म्हणजे नियम."

 भावाच्या सचोटीचा ताईला अभिमानच होता. उरलेल्या आठ पेट्या ती पुन्हा हातगाडीवर चढवायची. त्यातल्या दोन भावाच्या घरी जायच्या, कारण टाकवत नाहीत. काटेदादा दुसऱ्या दिवशी पैलवानाला सांगायचे, "घरी पोरं माझ्याकडे रागानं बघतात रे. म्हणतात, बाबा, आज तरी आत्याची सगळी अळंबी विमानात घाला, आम्हाला दुसरं काहीतरी खाऊ द्या." पैलवान हसायचा. काटेदादाही हसायचे आणि मग चष्मा काढून उगाचच पुसत बसायचे. बहिणीचे नुकसान त्यांना दिसत नव्हते असे नाही. ते त्यांना आतून खात होते. पण त्यांना वाटायचे, आपल्या हातात काय आहे? विमान भरले आहे.

त्या आठ पेट्यांचे बत्तीस किलो होत होते, मित्रांनो, आणि विमानात एकशे वीस किलोंची जागा होती. ताईच्या विसाच्या वीस पेट्या प्रत्येक खेपेला गेल्या असत्या. माझी सुई प्रत्येक वेळी चारावर थांबायची. याहून जास्त मी काय करू शकत होतो?

अशी अकरा वर्षे गेली. ताईने कसेबसे निभावून नेले. गिऱ्हाईक कुरकुरायचे, ती गयावया करायची, पुन्हा सुरू. मग मुख्य कचेरीतून एक बाई आल्या.

खोऱ्याखोऱ्यांतून अशी सात छोटी विमानतळे होती, आणि त्यांचा मालाचा कारभार सुधारायचे काम या बाईंकडे दिले होते. कुठे विमान अर्धे रिकामे उडत होते, कुठे माल शेडमध्ये सडत होता. एकीकडची रिकामी जागा आणि दुसरीकडचा पडून राहिलेला माल यांची सांगड घालायची, असा त्यांचा बेत. बाई हुशार होत्या आणि मनानेही चांगल्या. त्या जिथे जात तिथे भिंतीवर रंगीत तक्ते लावत, म्हणून पैलवानाने त्यांचे नाव तक्तेबाई ठेवले. चार दिवस त्या आमच्या शेडमध्ये बसल्या. सगळ्यांशी बोलल्या. ताईच्या खोलीत जाऊन त्यांनी पेंढ्याच्या पिशव्यासुद्धा बघितल्या. मला वाटले, आता कुणीतरी खरे विचारायला आले. माझी आशा पल्लवित झाली.

त्यांनी वह्या मागवल्या. तीन वर्षांच्या वह्या वाचून त्यांनी मान वर केली. "आठशे अठ्ठ्याण्णव, नऊशे, आठशे सत्त्याण्णव, नऊशे... काटेदादा, सातही ठिकाणी असं भरलेलं विमान मी पाहिलं नाही. एका पेटीचीही जागा वाया जात नाही तुमच्याकडे!"

काटेदादा लाजले. इतके लाजले की त्यांनी खिशातली दोन्ही पेने काढून पुन्हा जागेवर ठेवली.

चौथ्या दिवशी ताईच्या पेट्या पैलवानाने आत आणल्या; ताई बाहेर हातगाडीशी होती. तक्तेबाईंनी सहज एक पेटी उचलली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वहीत ही पेटी सहा किलोची आहे ना? हाताला तर हलकी वाटते."

"हाताला वाटण्यावर गेलं असतं तर सरकारनं हा काटा कशाला बसवला असता, बाई?" काटेदादा म्हणाले. शेडमध्ये हशा पिकला. बाईही हसल्या आणि त्यांनी ती पेटी माझ्या पाटावर ठेवली.

सुई फिरली आणि चारावर थांबली. मी सारा जीव त्या सुईत आणला होता. बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. कठडा ओलांडून दोन पावले आल्या असत्या तर चारचा आकडा त्यांना दिसला असता. त्यांचे पाऊल उचललेही गेले होते. पण त्यांनी काटेदादांच्या पांढऱ्या केसांकडे बघितले आणि त्या थांबल्या. एवढ्या नावाजलेल्या माणसाचे वजन तपासायचे म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखे होईल, असे त्यांना वाटले. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. त्या मागे सरकल्या. काटेदादांनी वहीत सहा लिहिले. पैलवानाने पेटी उचलली आणि माझी सुई पुन्हा शून्यावर आली.

महिन्याभराने अहवाल आला. त्यात लिहिले होते की या खोऱ्यातला माल छोट्या विमानाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. विमान काठोकाठ भरूनही माल उरतो. मोठे विमान हवे, पण धावपट्टी आखूड. म्हणून इथला सगळा माल ट्रकने चार तासांवरच्या मोठ्या विमानतळावर न्यावा, आणि छोटे विमान जिथे आजवर विमानच गेले नाही अशा दुसऱ्या खोऱ्याला द्यावे. कागदावर बघाल तर यात एक अक्षर चुकीचे नव्हते. तक्तेबाईंनी ताईला फोन करून मुद्दाम सांगितले, "आता तुमच्या वीसच काय, चाळीस पेट्या जातील!" त्यांना मनापासून आनंद झाला होता.

शेवटच्या दिवशी विमान नेहमीसारखेच पाखरासारखे उडाले. कप्तानांनी खिडकीतून हात हलवला. ताईच्या नऊ पेट्या भिंतीशी उरल्या होत्या.

मोठ्या विमानतळावरचे विमान पहाटे सुटायचे, म्हणून ट्रक आदल्या दुपारी निघायचा. म्हणजे अळंबी एक दिवस आधी खुडावी लागे. चार तास वळणावळणांचा रस्ता, वर ऊन, खाली खड्डे. पेट्या पोचायच्या तेव्हा अळंबी पिचलेली आणि कड काळवंडलेली. वीसच्या वीस पेट्या गेल्या आणि वीसच्या वीस परत आल्या. तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईकाने नाते तोडले. ताईने एका बाईला कामावरून कमी केले, मग दुसरीला. तरी मिळेल त्या भावात विकल्या जाव्यात म्हणून ती एकटीच दोन-चार पेट्या भरून ट्रकवर पाठवत राहिली. पैलवानाची हमाली गेली म्हणून तो ट्रकवर मदतनीस झाला होता. शेडमध्ये आता फक्त ट्रकसाठी डाग तोलायचे. ते मी तोलत होतो आणि काटेदादा वहीत लिहीत होते.

दोन महिन्यांनी तक्तेबाई परत आल्या. या खेपेला त्या हसत नव्हत्या. त्यांच्या हातात मोठ्या विमानतळावरच्या नव्या विजेच्या काट्याने छापलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर पसरल्या. बातमी कळून ताईही आली होती, एक रिकामी पेटी परत न्यायचे निमित्त करून. ट्रक दारात उभाच होता, म्हणून पैलवानालाही आत बोलावले.

"इथून निघताना डाग चोवीसचा, तिथं पोचतो तेव्हा बावीसचा," बाई म्हणाल्या. "हा अकराचा, तिथं नऊ. एक डाग सुटलेला नाही. वाटेत प्रत्येक डागातून दोन किलो माल कमी होतोय. ट्रकवर कोण असतं?"

पैलवानाचा चेहरा उतरला. मग त्याने हात जोडले. "बाई, गरिबावर आळ घेऊ नका. दोन-दोन किलो काढून मी करू काय? टपालाच्या थैलीतून दोन किलो, यंत्राच्या लोखंडातून दोन किलो, सगळीकडून सारखंच? एवढा शिस्तीचा चोर असतो का कुठं?"

बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. तेवढ्यात ताई पुढे आली. तिने माझ्या शेजारची आज भरलेली पेटी उचलली. "बाई, याचं काही चुकलेलं नाही. माझी पेटी पहिल्या दिवसापासून चारचीच आहे. मी माझ्या हातानं भरते. ती सहाची कधी होती?"

"मग काटाच खोटा आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तो शब्द माझ्या काळजात घुसला. पण मनात म्हटले, असू दे, खोटा म्हणा, चोर म्हणा, फक्त एकदा बघा.

"नेहमी करता तसं करून दाखवा, काटेदादा," असे म्हणून बाईंनी पेटी पाटावर ठेवायला लावली, आणि त्या कठडा ओलांडून आत आल्या. मला फिरवून बसवल्यापासून पहिल्यांदाच काटेदादांखेरीज कुणीतरी माझ्या तोंडासमोर उभे राहिले. सुई फिरली, थरथरली आणि थांबली.

"चार," बाई म्हणाल्या.

"चार," काटेदादाही म्हणाले. आणि त्यांच्या हाताने वहीत लिहिले, सहा.

पेन तिथेच थांबले. काटेदादा त्या सहाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितले, मग पुन्हा वहीकडे. त्यांच्या डोळ्यांसमोरून काय काय गेले असेल ते मला कळत होते, कारण ते सगळे माझ्यावरूनच गेले होते. त्यांचे ओठ हलले. "काटा खरा आहे," ते म्हणाले. "पैलवान खरा आहे. दोन किलो मी... त्या कुंपणाच्या दिवसापासून... अहो, मला आठवतसुद्धा नव्हतं." ते खुर्चीत बसले.

बाईंनी वही ओढून घेतली. त्यांचा हिशेब झटकन व्हायचा. साठ गुणिले दोन. एकशे वीस हा आकडा त्यांनी वहीच्या कडेला लिहिला आणि त्याही खाली बसल्या. "सात शेडमध्ये हिंडले मी," त्या हळूच म्हणाल्या. "सात ठिकाणच्या वह्या वाचल्या. काटा एकही बघितला नाही."

"विमान परत आणता येईल का?" पैलवानाने विचारले.

बाईंनी मान हलवली. "तिकडं आता त्यातून औषधं जातात. तिथल्या माणसांचं कसं काढून घेऊ? कोणत्या तोंडानं?" खरेच होते. तिथेही कुणाची तरी ताई असेल.

पैलवान बाहेर गेला. बाई चिठ्ठ्या गोळा करू लागल्या. ताई भावाच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. मला वाटले ती आता ओरडेल, रडेल. तिचा तो हक्कच होता. पण तिने विचारले ते भलतेच. आवाज अगदी लहान झाला होता.

"दादा, तू मला कायम शेवटी का रे ठेवायचास?"

"लोक बोलू नयेत म्हणून," काटेदादा म्हणाले.

"लोक कुठं काय बोलले रे?"

 ताईने पाटावरची पेटी उचलली. ट्रकवर न चढवता ती हातगाडीवर ठेवली आणि ती घरी निघून गेली. त्यानंतर अळंबीची पेटी माझ्यावर आली नाही. ताईने पेंढ्याच्या पिशव्या उतरवल्या, खोली रिकामी करून मालकाला किल्ली दिली, आणि आता ती दुसऱ्याच्या कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करते, असे पैलवान कुणाला तरी सांगत होता. काटेदादा तिच्याकडे तीनदा गेले. तिने तिन्ही वेळा त्यांना चहा दिला आणि वजनाचा विषय काढला नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

पुढे शेडही बंद झाली. तिथे आता मोडके सामान ठेवतात. माझ्या पाटावर एक तुटकी खुर्ची आहे, तिच्यावर तारेची दोन वेटोळी आणि एक गंजलेली शिडी आडवी टाकली आहे. काचेवर धूळ बसली आहे. सांध्यात गंज चढतो आहे. तरी अजून मी चुकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला तेल द्या, रंग द्या, पावसात टाकू नका. माझेही तेच मागणे असते तर बरे झाले असते. माझे मागणे वेगळे आहे. ज्या माणसावर तुमचा फार विश्वास आहे, त्याच्या शेजारी कधीतरी जाऊन उभे राहा आणि तो जे बघतो ते तुम्हीही बघा. यात त्याचा अपमान नसतो, त्याची सोबत असते. काटेदादांना अकरा वर्षांत एकदा जरी कुणी विचारले असते, "दादा, मी बघू का?", तर त्यांनी आनंदाने बाजूला सरून जागा दिली असती. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. आणि घाबरलेल्या माणसाला एकटे सोडू नये. मी त्यांच्या सर्वांत जवळ होतो, पण मी लोखंडाचा. तुम्हाला तोंड आहे.

खुर्ची, तारा आणि शिडी मिळून एकतीस किलो होतात. सुई तिथेच उभी असते. कुणी विचारायला येत नाही, तरी मी ते दाखवत राहतो.